नावं घातलेली भांडी

"घासू नगंस अजून," बायजाक्का पायरीवरनं म्हणाली. "आदी त्यावरचं नाव वाच."

मी बारवेच्या तळाला गुडघाभर गाळात उभी होते आणि माझ्या हातात एक पितळेची कळशी होती. कुदळीला ठण्णकन लागली तेव्हा दगड समजून मी तिला दोन शिव्याही घातल्या होत्या. ओढणीच्या टोकानं गाळ पुसला, तर काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं दिसली.

"सौ. हौसाबाई पांडुरंग गारळे. एकोणीसशे एकसष्ट."

"हौशीची कळशी," म्हणत बायजाक्का पदर तोंडाला लावून हसायला लागली. "ही हिरीत पडली म्हणून सासूनं तिला दिसभर अंगणात हुबी केली हुती. मीच मागल्या दारानं भाकरी दिली."

लग्नातल्या आणि घरात घेतलेल्या भांड्यांवर नाव घालायची आमच्याकडं रीत आहे. बाजारपेठेतला भांडेवाला छोट्या छिन्नीनं टकटक करत नाव, गाव, साल उमटवून देतो. माणूस जातं, घर पडतं, पण त्या ठिपक्यांना काही होत नाही. मी मोबाईल काढला, कळशीचा फोटो घेतला आणि गावाच्या फेसबुक पानावर टाकला. खाली लिहिलं, 'ही कुणाची आजी?'

आज या गोष्टीला नऊ वर्षं झाली. त्या फोटोमुळं एवढं रामायण घडेल असं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी त्यालाच कुदळ दिली असती.

आमची गारळेवाडी माळावरची. पाऊस आमच्याकडं पाहुण्यासारखा येतो, चहा घेतो आणि जातो. म्हणून घरटी एकदोन माणसं गलाईला. सोनाराच्या दुकानातली झाडलोट विकत घ्यायची, ती भट्टीत घालून तिच्यातलं कणकण सोनं गाळून काढायचं, असा हा धंदा. आमची पोरं कोइमतूर, कानपूर, गुवाहाटी अशी कुठं कुठं पांगलेली. गावात त्यांनी दुमजली घरं बांधली आणि त्यांना कुलपं लावली. मागं राहिली म्हातारी माणसं, आणि बीएस्सी होऊन घरी बसलेली मी.

बारव आमच्या भैरोबाच्या देवळामागं. चौसष्ट पायऱ्यांची, काळ्या दगडाची. घरात नळ आले आणि गाव तिला विसरलं. पुढं नळ आठवड्यातून एकदा यायला लागला, माघापासून टँकर सुरू झाला, तरी तिची आठवण कुणाला झाली नाही. फुटके फोटो, निर्माल्य, चपला, जे नको ते तिच्यात. त्या वर्षी ग्रामसभेत सरपंच हणमंततात्यांनी मांडलं की जत्रेला पोरांच्या गाड्या लावायला जागा पुरत नाही, तर बारव मुरूम टाकून बुजवावी आणि तिथं पार्किंग करावं.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, तात्या, बारव साफ केली तर पाणी लागेल. आपली पोरं येतील, मी बोलावते त्यांना मोबाईलवरनं.

तात्या माणूस वाईट नव्हते. हसायचे मोठ्यानं आणि बोलायचे खरं, त्यामुळं जास्त लागायचं. "वैजू," ते म्हणाले, "मोबाईलमधली पोरं अंगठा दाखवत्यात, अंगठा लावत न्हाईत. तरी तुजं मन मोडत न्हाई. जत्रेच्या आदल्या ऐतवारी हिरीत पंचवीस गडी उतरलेलं मला दाखव. पंचवीस म्हंजी पंचवीस. दावलंस तर हीर राहील. न्हाई दावलंस तर सोमवारी मुरूम पडंल."

सभा हसली. मी घरी येऊन फेसबुकवर 'गारळेवाडीची बारव' नावाचं पान काढलं आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटात आवाहन टाकलं. त्या गटात दोनशे अकरा माणसं. तासाभरात एकशे साठ अंगठे आले. 'छान उपक्रम ताई.' 'सलाम तुमच्या कार्याला.' कानपूरहून एकानं गुलाबाचं फूल पाठवलं, ते फूल सकाळी आईनंही पाठवलं होतं. दोघातिघांनी 'खातं नंबर टाक, पैसे पाठवतो' असंही लिहिलं. येतो म्हणून एकानंही लिहिलं नाही.

आठ दिवस मी एकटी उपसत होते. सोबत बायजाक्का. ही आमच्या गावची सुईण. आधी सगळी बाळंतपणं तिनं केली, मग दवाखाने आले तशी ती नुसती बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला लागली. सत्तरी उलटलेली, एकटी, अक्षरशत्रू. खाली उतरायचं तिला होत नव्हतं, म्हणून ती अर्ध्या पायऱ्यांवर बसून मला हुकूम सोडायची. आणि नवव्या दिवशी हौसाबाईंची कळशी निघाली.

फोटो टाकून घरी पोचते तोवर फोन वाजला. कोइमतूरहून सुहास. पाचवीपर्यंत माझ्याच बाकावर बसायचा, नंतर मामाकडं गलाईला गेला.

"वैजू, ती कळशी माज्या आजीची हाय गं."

"मग?"

"मग काय, कुरियर कर की. पत्ता पाठवतो."

का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "कुरियर न्हाई. ज्याचं भांडं त्यानं हिरीत उतरायचं, आपल्या हातानं घासायचं आणि न्यायचं."

तो म्हणाला, "कवा यायचं?"

मी तोच नियम पानावर लिहून टाकला. आणि मग काय झालं विचारू नका. दुसऱ्या दिवशी अक्का म्हणाली, "त्या उगवतीच्या कोपऱ्यात खोर." खोरलं तर तांब्या. 'कै. भागूबाई यांचे स्मरणार्थ.' तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हिकडं, देवळीखाली." भिंतीतल्या त्या कोनाड्याखाली परात. रोज एक, कधी दोन. मी वरनं खालपर्यंत गाळानं माखलेली, हातात भांडं, आणि मोबाईलवर थेट प्रक्षेपण. गुवाहाटीचा रणजित भट्टीपुढं उभा राहून बघायचा. त्याच्या आईनं आपल्या सासूचं नाव परातीवर वाचलं आणि डोळ्याला पदर लावला. ज्या गटात नुसती फुलं यायची तिथं माणसं भांडायला लागली. 'भागूबाई आमची का तुमची?' 'तुमची भागूबाई वरल्या आळीची, ही खालची.' पोरं आपल्या आज्यांना फोन लावून जुन्या गोष्टी विचारायला लागली. कोण कुठल्या पायरीवर घसरलं, कुणाचं लग्न बारवेवर पाणी भरताना ठरलं, सगळं पानावर यायला लागलं. दोन आठवड्यांत एकोणीस भांडी निघाली आणि अठ्ठावीस जणांनी लिहून दिलं, येतो.

मी हवेत होते. अक्काला दरवेळी जागा अचूक कशी कळते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला वाटायचं, जुनं माणूस आहे, ठाऊक असेल.

विसावं भांडं निघालं ते शुक्रवारी. स्टीलचा कडीचा डबा. 'सौ. सुलोचना हणमंत गारळे. २०११.' सरपंचांच्याच घरचा, म्हणून मी हौसेनं दोन फोटो जास्त टाकले. अर्ध्या तासानं गटात तात्यांचा आवाज आला.

"मंडळी, ह्यो डबा हिरीत कसा पडंल? ह्यो गेल्या पंचमीला पुरणपोळ्या घालून आमच्या घरनं बायजाक्काकडं गेलाय. मी सोता नेऊन दिलाय. काय चाललंय काय हे?"

मग धरण फुटल्यासारखं झालं. 'म्हणजे सगळी भांडी पेरलेली?' 'आम्हाला येडं समजलं काय?' 'माझं तिकीट रद्द.' मी डब्याचं झाकण उघडलं. आत कोपऱ्यात वाळलेलं पीठ चिकटलं होतं. वर्षानुवर्षं गाळात पडलेल्या डब्यात पीठ राहत नाही, एवढं शास्त्र मी बीएस्सीला शिकले होते.

सुहासचा फोन आला. आवाज पडलेला. "वैजू, आजीची कळशीबी तसलीच का?"

"मला ठाऊक न्हाई," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.

बायजाक्काचं घर देवळाच्या अंगालाच. मी डबा तिच्यापुढं ठेवला. तिनं तो बघितला, माझं तोंड बघितलं, आणि शेंगा फोडत राहिली.

"हौशीची कळशी खरी," ती म्हणाली. "त्यानंतर चार दिस नुसता गाळच लागंल असं मला वाटलं. तुजं त्वांड उतरलं असतं. म्हणून रोज पाटं जाऊन एकेक ठिवत गेले. चौसष्ट पायऱ्या, गुडघ्यांचा भुगा झाला माज्या."

"अगं पण अक्का, लोकांची भांडी तुझ्याकडं कशी?"

तिनं वर बोट केलं. माळ्यावर भांडीच भांडी होती. तांबे, वाडगे, डबे, पातेली, एकावर एक रचलेली, लख्ख घासलेली. "बारशाच्या घुगऱ्या, दिवाळीचा फराळ, पुरणपोळ्या. सणावाराला कुणीबी पाठवायचं. एकेक करून घरांस्नी कुलपं लागली. भांडी ऱ्हायली हितंच."

"आता काय करायचं? पोरं चिडलीत. ऐतवार परवावर आलाय."

"तुजा त्यो फोन हिकडं धर," ती म्हणाली. "मी बोलती."

मी पान उघडलं, प्रक्षेपण सुरू केलं. अक्कानं पदर नीट केला आणि मोबाईलकडं असं बघितलं, जणू दारात कुणी उभं आहे.

"पोरांनो, मी बायजा. हौशीची कळशी हिरीत गावली, ती खरी. बाकीची मी टाकली. ह्या पोरीला ठावं नव्हतं, तिला बोलू नगा. भांडी खोटी न्हाईत. नावं खोटी न्हाईत. तुमच्याच घरची हायत, मी सांबाळली. तुमी दूरदेशी लोकांच्या झाडलोटीतनं सोनं हुडकता, आन् आपल्या हिरीतला गाळ बघून नाक मुरडता व्हय? समद्यास्नी मी माज्या पायावर घिऊन न्हाऊ घातलंय. ज्याला राग आला असंल त्यानं हितं यावं आन् माज्या तोंडावर बोलावं."

खाली भराभर लिहून येत होतं. मी वाचून दाखवलं, "अक्का, सुहास विचारतोय, आमची भांडी होती तर इतकी वर्षं परत का दिली नाहीस? आम्ही दरसाल जत्रेला येतोच की."

"त्ये आल्यावर सांगीन," ती म्हणाली आणि मला खूण केली, बंद कर.

शनिवारी गटात सामसूम होती. आईनं मला दोनदा विचारलं, जेवलीस का, आणि दोन्ही वेळा मी हो म्हटलं, आणि दोन्ही वेळा ते खोटं होतं. रविवारी उजाडताना मी बारवेवर गेले. कुणी नसेल तर निदान एकटीनं शेवटचं घमेलं काढावं, एवढाच विचार होता.

पहिल्या पायरीवर सुहास बसला होता. बरोबर आणखी दोघे. रात्रभर गाडी चालवून आलेले, डोळे लाल.

"चिडलायस?" मी विचारलं.

"लई," तो म्हणाला. "पण कारण ऐकल्याबिगर झोप यीना. अक्का कुटं हाय?"

"काम झाल्यावर सांगणार म्हणलीय," मी बेधडक ठोकून दिलं.

नऊ वाजेपर्यंत पोरं येत राहिली. कानपूरची चौघं, बेळगावची दोघं, पुण्यातनं नोकरीवाल्या तीन मुली सलवारी खोचून. कुणी 'आम्ही चिडलोय' असं सांगूनच उतरलं. चौसष्ट पायऱ्यांवर माणसांची साखळी लागली आणि घमेली हातोहात वर जायला लागली. तळात एक ओरडायचा, वरचा उत्तर द्यायचा. कुणी तमिळमध्ये मोजत होतं, कुणी आसामीत. कंटाळा यावा असं ते काम, पण तासाभरानं राग कुठं गेला ते त्यांनाही कळलं नाही. जुन्या खोड्या निघाल्या, मास्तरांच्या नकला झाल्या. मी चिखलात उभी राहून हसत होते. त्याआधी मी इतकी सुखी कधी होते ते मला आठवेना.

वर काठावर तात्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. दहा वाजता त्यांनी बोटांवर मोजलं.

"वैजू, चोवीस."

मी पुन्हा मोजलं. चोवीसच. रणजितची गाडी कुठंतरी अडकली होती, तो संध्याकाळपर्यंत पोचत नव्हता. बाकीचे चौघे आलेच नव्हते.

"तात्या, मला धरा की."

"तुला धरूनच चोवीस." तात्यांचा आवाज मऊ होता, पण मान हलत नव्हती. "ग्रामसभेपुढं बोलल्यालं हाय, पोरी. मी एकाला सूट दिली तर उद्या समदी मागत्याल."

साखळी थांबली. घमेली जिथल्या तिथं राहिली. तेवढ्यात अर्ध्या पायऱ्यांवरनं बायजाक्का बोलली.

"हणमा, तुजा डबा कुटं हाय रं?"

"हाय की तुमच्याकडंच."

"माज्याकडं न्हाई. जिथनं काढला तिथंच आज पाटं परत ठिवलाय, खाली. देवळीत."

तात्या खुर्चीत सरळ झाले. "मग ह्या पोरांतला कुणीतरी आणंल वर."

"असं कसं? ज्याचं भांडं त्यानं उतरायचं, आपल्या हातानं घासायचं आन् न्यायचं. पानावर लिव्हलंय म्हणं. समद्या दुनियेनं वाचलंय."

चोवीस जणांनी एकदम वर बघितलं. त्यातल्या निम्म्यांच्या हातात मोबाईल होते आणि निम्मे मोबाईल तात्यांकडं वळलेले. काठावर तात्यांच्या मालकीणबाई सुलोचनाकाकी पोरांसाठी ताकाची घागर घेऊन उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "उतरा की. माजा डबा हाय त्यो. घिऊन या."

तात्यांनी एकदा बायकोकडं बघितलं, एकदा अक्काकडं. मग चपला काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि उतरायला लागले. पायरीपायरीला पोरं अंग चोरून वाट देत होती. तळाला पाय टाकताच ते पोटरीपर्यंत रुतले. सुहासनं त्यांच्या हातात घमेलं दिलं.

"पंचवीस," तो म्हणाला.

तात्या गडगडून हसले. "म्हातारे, मला वाटलं तुला वाचता येत न्हाई म्हणून माजा डबा चुकून आला."

"अक्षर कळत न्हाई," अक्का म्हणाली, "भांडं कळतंय. सरपंचाला उतरवल्याबिगर हीर ऱ्हात न्हाई, एवढंबी कळतंय."

दुपारी तीनच्या सुमारास देवळीखालचा गाळ निघाला आणि दगडाच्या फटीतनं पाणी पाझरायला लागलं. आधी गढूळ, करंगळीएवढी धार. कुणीतरी हात लावून बघितलं, गार आहे म्हणालं. ऊन कलेपर्यंत तळाला घोटाभर पाणी साचलं, वरवर नितळ. तात्या चिखलानं भरलेले पायरीवर बसून नुसते बघत होते. मुरमाचं नाव त्यांनी काढलं नाही, ते पुन्हा कधीच काढलं नाही.

मग दोघांनी अक्काला उचलून खाली आणलं. माळ्यावरची भांडी पोरांनी आधीच आणून ठेवली होती. अक्कानं ओंजळ भरून पाणी डोळ्यांना लावलं आणि हौसाबाईंची कळशी मागितली. सुहासनं ती चिंचेनं घासून सोन्यासारखी केली होती.

"तू इचारलंस न्हवं," ती म्हणाली, "परत का दिली न्हाई म्हणून."

सुहासनं मान हलवली.

"शेजारच्याचं भांडं रिकामं परत देत न्हाईत, बाबा. चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. तुमच्या घरनं पुरणपोळ्या आल्या, लाडू आले. तुमी जत्रेला एक दिस येताय आन् जाताय. मी एकटी बाई, त्या तोलाचं काय घालून देऊ? लाज वाटायची. म्हटलं, हिरीला पाणी लागू दे. पाणी घालून दिलं की फिटलं."

तिनं कळशी वाकवून पाण्यात धरली. बुडबुड करत ती भरली. अक्कानं ती दोन्ही हातांनी सुहासच्या हातात दिली. त्यानं ती खांद्यावर घेतली आणि दुसरीकडं तोंड फिरवलं. त्यानंतर एकेक नाव मी वाचत गेले, अक्का भरत गेली, पोरं पुढं येत गेली. परात, तांब्या, वाडगा, सगळं भरून. रणजित सातला पोचला, पाठीवर बॅग तशीच, आणि सरळ पायऱ्या उतरत आला. तात्यांचा डबा सगळ्यात शेवटी भरला. तो घेऊन ते चौसष्ट पायऱ्या चढले, एक थेंब न सांडता.

त्या वर्षीपासून जत्रेच्या आदल्या रविवारी बारव उपसायची रीतच पडली. पोरं आठ दिवस आधी येतात. गाड्या शाळेच्या पटांगणात लावतात. टँकर बंद झाला. बारवेभोवती सत्तर झाडं आहेत आणि प्रत्येकाचा फोटो त्या पानावर आहे. सुहासनं कोइमतूरचं दुकान भावाला दिलं आणि गावात रोपवाटिका काढली. हौसाबाईंची कळशी आता माझ्या स्वयंपाकघरात असते. ती तिथं कशी आली, ते सुहासच्या आईला विचारा, ती तिखटमीठ लावून सांगते.

पण सांगायचं राहिलं ते तात्यांच्या डब्याचं. पुढच्या पंचमीला सुलोचनाकाकींनी तोच डबा पुरणपोळ्या भरून पुन्हा बायजाक्काकडं पाठवला. पोळ्या आम्ही दोघींनी खाल्ल्या. मी डबा घासला, पुसला आणि म्हटलं, "अक्का, आता हिरीला पाणी आहे. भरून देऊन येऊ का?"

अक्कानं तो माझ्या हातातनं घेतला, माळ्यावर एकदम पुढं, हाताला लागेल असा ठेवला, आणि पदराला हात पुसत म्हणाली,

"ऱ्हाऊ दे. शाळंचं छप्पर गळायलंय."